तिकडचं घड्याळ सरकलं की इकडची झोप मोडते: दोघांनी मिळून सरकावं की ज्याचं त्याने?

मांडवीकाठ
आपल्याकडे घड्याळाला वर्षभर कोणी हात लावत नाही. अमेरिकेत आणि विलायतेत मात्र उन्हाळ्यापुरतं ते तासभर पुढे घेतात, म्हणून गोव्यात पणजी-पर्वरीत बसून तिकडची पाळी करणाऱ्यांच्या घरात वर्षातून दोनदा एक तास हलतोच. न्यूयॉर्कचे ९ ते ५ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ६.३० ते पहाटेचे २.३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली की तीच पाळी ७.३० ते ३.३०, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा उलट. लंडनचे ९ ते ५ उन्हाळ्यात दुपारी १.३० ते रात्री ९.३०, हिवाळ्यात २.३० ते १०.३०. तिथला बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दोन्हीकडची गिऱ्हाइकं असली तर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा सगळाच हिशेब चुकतो.

आता समजा नवरा न्यूयॉर्कच्या पाळीला आणि बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका, साडेपाचला उठणारी. तास हलला की दोघांनी हलायचं का? माझं स्पष्ट मत: नाही. ज्याची पाळी हलली त्यानेच हलावं. दुसऱ्याचं उठणं वर्षभर मिनिटभरही बदलू नये. दोघांना बांधणारी गोष्ट अशी निवडा जिला परदेशातलं घड्याळ शिवत नाही, म्हणजे दुपारचं जेवण. शाळा सुटून बाई दोनपर्यंत घरी येतात, रात्रपाळीवाला बाराला उठलेला असतो. हुमण-भाताला (माशांची आमटी आणि भात) दोघे समोरासमोर बसतात, ते नोव्हेंबरातही आणि मार्चमध्येही. रात्रीचं जेवण धरलंत तर हिवाळ्यात सातला कसंबसं जमतं, आणि मार्च उजाडला की साडेसहालाच कानाला हेडफोन. मग रोज एक ताट झाकलेलं.

पारंपरिक_नळे
मला हे पटत नाही. तुम्ही सगळा भार एकाच माणसावर टाकता आणि त्याला शिस्त म्हणता. लंडनची पाळी घ्या. ती ९.३० ऐवजी १०.३० ला संपू लागली की दुसऱ्याने दहालाच दिवा मालवायचा, म्हणजे पाच महिने दोघांचं बोलणं बंद. इथे मिळून सरकणंच बरोबर: एकाने पूर्ण तास, दुसऱ्याने अर्धा. दहाला झोपणाऱ्याने साडेदहा करावेत आणि दुपारी तीनच्या आत २० मिनिटं डोळा लावून तो अर्धा तास भरून काढावा. दुकानं १ ते ४ बंद ठेवणाऱ्या गोव्यात एवढं अशक्य नाही. फक्त अर्ध्या तासापुढे ताणू नका. गाढ झोपेतून उठलं की तासभर डोकं जड राहतं आणि रात्रीची झोपही उडते.

तारवटी_घराणं
जहाजावर ही अडचण जुनीच आहे. बोट पूर्वेला निघाली की घड्याळ तासभर पुढे घ्यावं लागतं, आणि तो तास एकाच वॉचच्या, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीच्या, माथी मारत नाहीत. पुष्कळ बोटींवर तीन वॉचमध्ये वीस-वीस मिनिटं वाटून घेतात. घरात हेच तीन दिवसांत करा. पंधरा मिनिटांचे चार दिवसही चालतात, पण वीसचे तीन लक्षात राहतात.

काळोखी_खोली
वीस-वीस मिनिटं ठीक, पण कुठल्या टोकाने? बहुतेकांची चूक इथेच होते. दोन्ही बदल सारखे नाहीत. नोव्हेंबरात झोप उशिरा न्यायची असते. शरीराला ते सोपं जातं, कारण बहुतेकांच्या आतल्या घड्याळाचा फेरा २४ तासांपेक्षा थोडा मोठा असतो. बदलाआधीच्या तीन रात्री पाळी संपल्यावर वीस-वीस मिनिटं जास्त जागलात की काम झालं.

मार्चमध्ये झोप अलीकडे ओढायची असते, आणि जुनी पाळी ३.३० ला संपते तोवर आधी झोपणार कसं? म्हणून झोपण्याचं टोक सोडा, उठण्याचं धरा. रोज बाराला उठत असाल तर शुक्रवारी ११.४०, शनिवारी ११.२०, रविवारी ११. उठल्याबरोबर अर्धा तास बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीवर) किंवा अंगणात उजेडात बसा, चहा तिथेच घ्या. सोमवारी पाळी ६.३० ला लागेल तेव्हा अंग तयार असतं.

उजेडाची वेळ मात्र काटेकोर पाळा. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन तास आधी सर्वांत खाली असतं. त्यानंतर पडलेला उजेड झोप अलीकडे ओढतो, आधी पडलेला पलीकडे ढकलतो. बाराला उठणाऱ्यासाठी ती वेळ सकाळी दहाच्या सुमाराची. म्हणजे सव्वाचारला झोपलेला माणूस सहाला पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकून उठला, फाटकापर्यंत गेला, उन्हात दोन शब्द बोलला आणि पाव घेऊन आत आला, की मार्चमधली त्याची सगळी मेहनत उलट्या दिशेला गेली. यावर उपाय रात्रीच करायचा: कापडी पिशवी फाटकाच्या कडीला अडकवा, हिशेब महिन्याचा ठेवा आणि पदेराला त्या घरापुढे भोंपू वाजवू नको म्हणून सांगा. पदेर ऐकतात.

चहा-कॉफीचंही बघा. कॅफिन अंगातून निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. ३.३० च्या पाळीला शेवटचा कप साडेदहाच्या आत, मार्चनंतर साडेनऊच्या आत. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने मुळीच नकोत, आधी डॉक्टरांना विचारा.

पारंपरिक_नळे
हे सगळं पाळीवाल्याच्या बाजूने झालं. पहाटे साडेपाचला उठणाऱ्या बाईची झोप सव्वाचारला मोडते, त्याचं काय? कडी वाजली, दिवा लागला, गादी हलली की तिची शेवटची सव्वा तासाची झोप गेली. शेवटच्या तासांत स्वप्नांची झोप सर्वांत जास्त असते, आणि तीच बुडते.

सागवान_गादी
तो प्रश्न घड्याळाचा नाही, खोलीचा आहे, आणि तो सुटतो. ७२ बाय ७२ इंची पलंगावर एक मोठी गादी नको. ७२ बाय ३६ च्या दोन घ्या, फटीवर कापसाची पट्टी घालून वर एकच चादर ओढा. एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला धक्का पोचत नाही. पांघरुणं दोन वेगळी. पाळीवाल्याचे झोपायचे कपडे आणि पाण्याचा तांब्या खोलीबाहेर. वाटेत पिवळा झिरोचा दिवा गुडघ्याच्या उंचीवर, पांढरी ट्यूब नको. बिजागरीला तेल. पहाटेचा गजर फोनवर न लावता मनगटावरच्या पट्ट्याच्या थरथरीवर लावा.

पडद्याची दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त घ्या आणि चौकटीच्या चार-पाच इंच वर ठोका. वरच्या फटीतूनच सर्वांत जास्त उजेड येतो, तिथे झालर लावा. रबराचा लेप दिलेलं कापड आपल्या पावसाळ्यात घेऊ नका. जुलैत मागून काळी बुरशी धरते आणि धुतलं की लेप सुटतो. जाड विणीचं दुपदरी कापड धुता येतं. जुन्या घरात काचेचा नळा (छपरातलं कौल) झोपायच्या खोलीवर असेल तर आतून काळा पुठ्ठा बसवा.

आणि दोन खोल्या असतील तर पूर्वेची पहाटे उठणाऱ्याला, पश्चिमेची किंवा उत्तरेची दिवसा झोपणाऱ्याला. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेची खोली नवालाच तापते. वेगळ्या खोलीत झोपणं म्हणजे भांडण असं आपल्या लोकांना वाटतं, ते डोक्यातून काढाच. आठवड्यातल्या पाच रात्री वेगळ्या आणि दोन एकत्र, यात लाजण्यासारखं काही नाही.

मांडवीकाठ
पारंपरिक_नळे, लंडनच्या पाळीपुरतं तुमचं मान्य. अर्धा-अर्धा तास तिथे जमतो, कारण दोघांच्या झोपेत मुळातच दीड-दोन तासांचं अंतर आहे. न्यूयॉर्कला ते सहा तासांचं. तिथे शिक्षिकेने अर्धा तास सरकून काय साधलं? तिची झोप गेली आणि नवरा तर पाळीवरच.

सागवान_गादींच्या शेवटच्या ओळीला मात्र माझा विरोध आहे. त्या दोन एकत्र रात्रीच घात करतात. पाच रात्री सव्वाचारला झोपणारा शनिवारी घरच्यांसोबत अकराला आडवा होतो. घड्याळाचा एक तास बाजूलाच राहिला, दर आठवड्याला पाच तासांची उडी झाली. सोमवारी तो अर्धमेला असतो आणि दोष मार्च महिन्याला देतो.

पारंपरिक_नळे
मग त्या दोन रात्रीही घेऊ नयेत का? लग्न कशासाठी केलं होतं? शनिवारी जत्रा असते, चर्चचं फेस्त असतं, पाहुणे असतात.

काळोखी_खोली
घ्याव्यात, पण मधल्या वेळेला. तो दीडला झोपेल, ती दुपारी अर्धा तास झोपून रात्री बारापर्यंत जागेल. त्याची उडी पावणेतीन तासांवर येते आणि दोघांना साडेनऊ ते बारा असा मोकळा वेळ मिळतो. बदलाच्या मार्चमधल्या एका रविवारी मात्र हेही नको. तेव्हा त्याने सव्वातीनलाच झोपावं, म्हणजे सोमवारची पाळी संपल्यावर झोपायची वेळ तीच राहते.

स्विंडन_फोन
एकाच घरात नसलेल्यांचंही लिहा. नवरा इंग्लंडात स्विंडनमध्ये, बायको इथे डिचोलीत, अशी घरं थोडी नाहीत. अंतर उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. तिथे संध्याकाळी सहाला सुटून केलेला फोन उन्हाळ्यात इथे रात्री १०.३० ला येतो, ऑक्टोबरनंतर ११.३० ला. इथली बाई पाच महिने झोप मोडून बसते आणि बोलत नाही. इथे ज्याचं घड्याळ हलतं त्यानेच हलायला हवं: हिवाळ्यात फोन त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, तिथल्या १२.३० ला. इथे संध्याकाळचे सहा असतात, मुलंही जागी असतात.