कमी खर्चातले आणि टिकाऊ वॉशिंग मशीन निवडताना नेमके काय पाहावे?

सावली

आमचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन सातव्या वर्षी बंद पडले. गेले काही महिने कपडे पिळताना विमान सुटल्यासारखा आवाज येत होता. तो वाढत वाढत शेवटी ड्रम बाहेरच्या टबला घासू लागला. मेकॅनिकने बेअरिंग गेल्याचे निदान केले. मात्र टबचे दोन्ही भाग कारखान्यातच वितळवून एकजीव केलेले असल्यामुळे नुसते बेअरिंग बदलता येत नाही, ड्रमसह सगळा टबच नवा घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्याहून अधिक होतो, असे त्याने सांगितले. मुठीत मावणाऱ्या एका भागापायी अख्खे मशीन मोडीत काढायचे, हे मनाला पटत नाही.

घरात आम्ही चौघे आहोत आणि आठवड्यातून चार-पाच वेळा कपडे धुतले जातात. पाणी कठीण आहे, तोट्यांवर पांढरा थर धरतो. टाकी आमच्या मजल्याच्या लगेच वर असल्यामुळे नळाला जोरही बेताचाच असतो. दुकानात गेले की वाफेची धुलाई, मोबाइलवरून चालू-बंद करण्याची सोय आणि ‘मोटरवर १० वर्षांची हमी’ एवढेच ऐकायला मिळते. खर्च आटोक्यात ठेवून निदान दहा वर्षे टिकेल असे मशीन निवडायचे असेल तर कोणत्या गोष्टींना महत्त्व द्यावे, आणि कोणत्या गोष्टींकडे निर्धास्तपणे दुर्लक्ष करावे?

पाना-पकड

घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे हमीपासूनच सुरुवात करतो. मोटरवरची १० वर्षांची हमी खोटी नसते, पण ती अशा भागावर दिलेली असते जो सहसा बिघडतच नाही. ब्रश नसलेल्या इन्व्हर्टर मोटरमध्ये घासून झिजण्यासारखे फारसे काही नसते. बिघडतात ते पाणी उपसणारा पंप, पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह, दाराचे कुलूप, बेअरिंग, आणि सर्वांत महागात पडणारा म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड. इन्व्हर्टर मोटर चालवण्याचे काम हाच बोर्ड करतो, आणि मोटरच्या हमीत तो बहुधा धरलेला नसतो. म्हणून हमीपत्रावरचा मोठा आकडा न पाहता, पूर्ण मशीनवर किती वर्षांची हमी आहे आणि बोर्ड तिच्यात येतो की नाही, हे लेखी स्वरूपात पाहून घ्यावे. जुन्या पद्धतीच्या मोटरमधले कार्बन ब्रश काही वर्षांनी झिजतात हे खरे, पण ते बदलणे हे अगदी स्वस्तातले काम आहे. इन्व्हर्टर मोटरने आवाज कमी होतो आणि थोडी वीज वाचते. मात्र त्यामुळे मशीन आपोआप टिकाऊ होत नाही.

तुमच्या जुन्या मशीनचे जे झाले त्यामागचा क्रम ठरलेला आहे. ड्रमच्या मागच्या दांड्याभोवती एक रबरी सील असते. ते झिजले की साबणाचे पाणी बेअरिंगमध्ये शिरते, वंगण धुऊन निघते, गंज चढतो, आणि मग तो विमानाचा आवाज सुरू होतो. बहुतेक मशीनमध्ये ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा आधार ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याच्या खाचांत पावडरीचा गाळ साचून राहिला, की तोही पोखरत जातो. जास्त पावडर, कायम थंड पाण्यातली धुलाई आणि नेहमी घट्ट बंद ठेवलेले दार, या तिन्ही सवयी त्याला खतपाणी घालतात.

त्यामुळे विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा झाला तर तो असा विचारावा: या मॉडेलचा टब स्क्रूने जोडलेला आहे की वितळवून? त्याला उत्तर देता आले नाही तर (आणि बहुधा येत नाही) त्या मॉडेलच्या सुट्या भागांची यादी मिळवावी. यादीत बेअरिंग आणि सील स्वतंत्रपणे दिलेले असतील तर मशीन उघडून दुरुस्त होऊ शकते. फक्त ‘टबचा पूर्ण संच’ एवढीच नोंद असेल, तर सात वर्षांनी तुम्ही पुन्हा इथेच प्रश्न विचाराल. आपल्या भागात काम करणाऱ्या मेकॅनिकला कोणत्या मशीनचे भाग आठवडाभरात मिळतात, हेही विकत घेण्याआधीच विचारावे.

धोबीपछाड

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, तरीही स्वस्त आणि भरवशाचे या दोन्ही अटी एकत्र ठेवल्यास सेमी-ऑटोमॅटिकचे नाव कोणीच का घेत नाही, याचे नवल वाटते. दोन टब, दोन साध्या मोटरी आणि चावीसारखे फिरणारे दोन टायमर, एवढाच त्याचा संसार असतो. त्यात बहुधा बोर्ड नसतो, दाराचे इलेक्ट्रॉनिक कुलूप नसते, आणि नळाला जोर नसेल तर बादलीने पाणी ओतूनही काम भागते. साबणाचे तेच पाणी आधी पांढऱ्या कपड्यांना, मग रंगीत कपड्यांना आणि शेवटी पायपुसण्यांना वापरता येते. ही सोय कोणत्याही पूर्ण स्वयंचलित मशीनमध्ये नाही.

कष्ट पडतात, हे मान्य केलेच पाहिजे. धुतलेले ओले कपडे एका टबातून दुसऱ्या टबात हाताने टाकावे लागतात, खळबळण्याकडे लक्ष ठेवावे लागते, आणि मशीन लावून बाहेर निघून जाता येत नाही. घरातल्या ज्या व्यक्तीवर हे काम पडणार आहे, तिलाच निर्णय घेऊ द्यावा. बाकीच्यांची मते मोफत असतात.

पिळण्याच्या वेगाबाबत एक खुलासा करतो, कारण दुकानातले आकडे दिशाभूल करतात. कपड्यांतून पाणी बाहेर फेकणारा जोर हा फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि ड्रमच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. सुमारे २४ सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरला, तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८५ पट जोर पडतो; तोच ड्रम ७०० फेऱ्यांवर आणला तर तो सुमारे १३० पटच उरतो. सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळणीवर १३०० फेऱ्या लिहिलेल्या असल्या तरी तिची टोपली अरुंद असते, त्यामुळे फ्रंट लोडच्या आकड्याशी तिची थेट तुलना करू नये. कपडे मोकळ्या हवेत वाळत असतील, तर १४०० फेऱ्यांसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

सावली

दोघांचेही आभार. सेमी-ऑटोमॅटिकचा मुद्दा पटला, परंतु सकाळी मशीन लावून आम्हा दोघांनाही कामावर जावे लागते, म्हणून पूर्ण स्वयंचलितच हवे. आता फ्रंट लोड आणि टॉप लोड यांतून निवड करायची आहे. पाण्याचा जोर आणि क्षार यांचा विचार करता कोणते योग्य ठरेल? शिवाय चौघांसाठी किती किलोचे घ्यावे, याबाबत दोन विक्रेत्यांनी दोन वेगळे आकडे सांगितले.

पाणाडी

जोर आधी मोजून पाहा, अंदाजावर राहू नका. टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा जितकी उंच, तितका दाब जास्त. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, आणि अरुंद पाइप व वळणे त्यातला काही भाग खातात. अनेक फ्रंट लोड मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान दाब ०.३ ते ०.५ बार दिलेला असतो, म्हणजे निदान ३ ते ५ मीटर उंची हवी. ती नसेल तर ठरलेल्या वेळेत पाणी भरत नाही, मशीन दोषाचा संकेत दाखवून थांबते, आणि दोष मशीनचा समजून मेकॅनिकला विनाकारण बोलावले जाते. यावर छोटा पंप बसवता येतो, पण मग बिघडणारी आणखी एक वस्तू घरात येते. कमी दाबावर चालणारी टॉप लोड मशीन अधिक सहज मिळतात, तरी प्रत्येक मॉडेलचा आकडा पुस्तिकेत पाहावाच.

पाण्याच्या खर्चात मात्र टॉप लोडची बाजू लंगडी आहे. फ्रंट लोडला एका पूर्ण धुलाईला साधारण ४० ते ६० लिटर पाणी लागते, तर टॉप लोडला १०० लिटरच्या वरही जाते, कारण त्यात कपडे पाण्यात तरंगत घुसळावे लागतात. फ्रंट लोडमध्ये ते थोड्याशा पाण्यात वर जाऊन खाली आपटतात. हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली धुलाईची चार अंगे मांडली: रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ. एक अंग कमी केले तर दुसरे वाढवावे लागते. ज्या टॉप लोडमध्ये हीटर नसतो, त्यात कॉलर आणि मोज्यांचा मळ निघण्यासाठी वेळ वाढवावा लागतो, म्हणजेच कपडे आधी भिजवून ठेवावे लागतात. फ्रंट लोडचा विजेची बचत करणारा कार्यक्रम तीन-तीन तास का चालतो, याचे उत्तरही तेच आहे.

कठीण पाण्याचा सर्वाधिक त्रास हीटरला होतो. पाणी जितके तापते तितका क्षार त्यावर जमतो, म्हणून रोजची धुलाई ३० ते ४० अंशांवर करावी. पुस्तिकेत मनाई नसेल, तर दोन-तीन महिन्यांतून एकदा सायट्रिक ॲसिड घालून मशीन कपड्यांशिवाय गरम पाण्यावर चालवावे. त्याच वेळी क्लोरीनयुक्त ब्लीच कधीही वापरू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. हीटरच नसलेल्या मशीनमध्ये हा प्रश्न बराच सौम्य होतो.

किलोचा आकडा हा सुक्या सुती कपड्यांचा असतो. कृत्रिम धाग्याच्या किंवा नाजूक कपड्यांच्या कार्यक्रमात क्षमता निम्मी किंवा त्याहून कमी धरली जाते. दोन दिवसांचे मळके कपडे एका चादरीत बांधावेत, ते गाठोडे हातात धरून वजनकाट्यावर उभे राहावे, आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. चौघांच्या घरात ७ ते ८ किलो बहुधा पुरते. जाड पांघरुणे वर्षातून दोनदाच धुतली जातात. त्यांच्यासाठी वर्षभर मोठे मशीन पोसण्यात अर्थ नाही.

पाना-पकड

टॉप लोडचा विचार होत असेल तर थोडी भर घालतो. त्यात बेअरिंग आणि क्लचचा संच टबच्या खाली बसवलेला असतो, आणि टब लटकवणाऱ्या चार दांड्या वेगळ्या बदलता येतात. बहुतेक मेकॅनिकना हे काम सरावाचे असते. सुट्या भागांच्या यादीचा नियम मात्र इथेही लागू आहे.

शेवटी फ्रंट लोडच घेतले, तर मागच्या बाजूला वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट पहिल्या धुलाईआधी काढले आहेत ना, याची खात्री करा. ते तसेच राहिल्यामुळे पहिल्याच दिवशी घरभर नाचणारी मशीन मी पाहिली आहेत. बोल्ट फेकू नका, घर बदलताना पुन्हा लागतात. १९३७ साली बेंडिक्सचे पहिले घरगुती स्वयंचलित मशीन आले, तेव्हा ते चक्क जमिनीला बोल्टने घट्ट बसवावे लागत असे. आता हादरे स्प्रिंगा आणि आतले वजनदार ठोकळे सोसतात, पण त्यासाठी चारही पाय पातळीत टेकलेले असावे लागतात. हीटर सुमारे २,००० वॅट खेचतो, म्हणून अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट द्यावा. जोडवायर वापरू नये.

सावली

आज मोजमाप केले. टाकी पूर्ण भरलेली असताना पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंत जेमतेम अडीच मीटर भरले, त्यामुळे फ्रंट लोड यादीतून काढून टाकले आहे. गाठोड्याचे वजन सव्वापाच किलो आले, म्हणजे ७ किलोचे पुरेल. कमी दाबावर चालणारी आणि हीटर नसलेली दोन टॉप लोड मॉडेल निवडून दोन्ही विक्रेत्यांकडे सुट्या भागांची यादी मागितली. एकाने संध्याकाळपर्यंत पाठवली, तिच्यात बेअरिंग, सील आणि क्लच वेगवेगळे दिलेले आहेत. दुसऱ्याने अशी यादी आजवर कोणी मागितलेली नाही, असे कळवले. पहिल्याकडेच नोंदणी करते आहे.