‘अप्रेझल’ : मूल्यमापन, निंदणीकरण की पारख?

शाईपेन : ई-मेलचे संग्रह जतन करण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने घडवलेल्या ‘ईपॅड’ या संगणकप्रणालीची ओळख मी मराठीत लिहीत आहे. तिच्या पहिल्या भागाचे नाव ‘अप्रेझल’ असे आहे. हजारो पत्रांतील व्यक्तींची आणि स्थळांची नावे प्रणाली वेगळी काढून दाखवते; त्यांवरून कोणती पत्रे अभिलेखागाराकडे द्यायची आणि कोणती खासगी म्हणून वगळायची, हे माणसाने ठरवायचे असते. मी ‘मूल्यमापन’ लिहिले, तर मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीला वार्षिक पगारवाढच आठवली. योग्य शब्द कोणता?

दप्तरबंद : शब्द आपल्या सरकारी कार्यालयांत रुळलेला आहे : निंदणीकरण. मी अभिलेखकक्षात ३१ वर्षे काढली. कागदांचे वर्ग ठरलेले : ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ १ वर्ष. मुदत संपलेल्या नस्त्या वेगळ्या काढायच्या. तारखा पाहून हे काम संगणक आमच्यापेक्षा लवकर करील.

वाचस्पती : निंदणीकरण म्हणजे नको ते उपटणे. काय राखायचे आणि का, हा विचार त्याच्या आधीचा आहे; त्याला ‘मूल्यनिर्धारण’ म्हणावे. शिवाय ‘निंदणी’त निंदा आहे, हे विसरू नये.

काळी आई : निंदेचा येथे काही संबंध नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात तण काढून धान्य राखणाऱ्याला ‘निर्दाता’ म्हटले आहे. माझ्या मते आपले ‘निंदणे’ त्याच कुळातले आहे. राखणे आणि काढणे तेथे एकाच वाक्यात आहे. भातात वाढणारे एक तण कोवळेपणी हुबेहूब भातासारखे दिसते. पान दांड्याला मिळते तेथे भाताला पातळ जिभली असते, तणाला नसते; आजी पात बोटांत धरून तेवढे पाही आणि मगच उपटी. ही पारख नव्हे तर काय?

शाईपेन : उदाहरण पटले, परंतु शेतात पीक कोणते हे पेरतानाच ठरलेले असते. माझ्यासमोरच्या एका संचात एकाच टिपणाच्या ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’ आणि ‘अंतिम-सुधारित’ अशा तीन फायली आहेत. पहिल्या दोन अक्षरशः एकच आहेत, हे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळवून यंत्राने क्षणात सांगितले. तिसरीत एक वाक्य गाळलेले आहे, आणि ते वाक्य का गाळले हाच उद्याच्या अभ्यासकाचा प्रश्न असू शकतो.

दप्तरबंद : हे मान्य करतो. पेशवे दफ्तराच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, खर्चाच्या किरकोळ याद्या राहिल्या, म्हणून त्या काळचे भाव आपल्याला कळतात. आमच्या हिशेबाने त्यांतल्या कितीतरी ‘ड’ वर्गात गेल्या असत्या. तरीही शब्द रुळलेलाच वापरावा, कारण लेख ज्यांच्यासाठी आहे त्या अभिलेखपालांना तोच कळेल.

वाचस्पती : रुळलेली चूकही चूकच असते. ‘करण’ हे शेपूट तरी कशाला? ‘निंदणी’ ही आधीच क्रिया आहे.

काळी आई : शेपटाबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे, निंदेबद्दल नाही. आमच्याकडे कोकणात तर याच कामाला ‘बेणणी’ म्हणतात. तिथे कोणाची निंदा दाखवाल?