संसार आधीच मांडलेला असताना आहेराची यादी करावी का?

कृष्णाकाठ (सांगली):
माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न येत्या मार्गशीर्षात सांगलीत आहे. ती आणि होणारे जावई दोघेही सहा-सात वर्षे पुण्यात नोकरी करतात, आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, भांडीकुंडी हे सारे दोघांकडेही असल्यामुळे लग्नानंतर एकाच घरात प्रत्येक वस्तू दोन-दोन होणार आहे. परदेशात जोडपी आपल्याला हव्या असलेल्या वस्तूंची यादी दुकानात नोंदवतात (शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानाने १९२४ साली ही रीत सुरू केली), तशी यादी ऑनलाइन करून तिचा क्यूआर कोड पत्रिकेवर छापावा, असे दोघांचे म्हणणे आहे. आई मात्र म्हणते की आहेर मागून घ्यायचा नसतो. माझ्या लग्नात आलेली सात भिंतीवरची घड्याळे आणि खोक्यातून बाहेरही न काढलेले चार लेमन सेट आजही आमच्या माळ्यावर आहेत, त्यामुळे बहिणीचे म्हणणे मला सरसकट चुकीचे वाटत नाही. कोणाचे मन न दुखवता हे कसे साधावे?

वाईची माहेरवाशीण:
दादा, यादी अवश्य करा, पण पत्रिकेवर छापू नका. दुकानातील यादी आणि आपला आहेर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे मांडवात टेबल टाकून आहेर लिहून घेतात, कारण ज्यांनी आपल्याला ५०१ रुपये किंवा साडी दिली, त्यांच्या घरच्या कार्यात ते फेडायचे असते. माझ्या सासूबाईंनी जपलेल्या वहीत १९८७ सालच्या नोंदी आहेत, आणि कोणाच्या घरी कार्य निघाले की त्या अजूनही चष्मा लावून पहिल्यांदा ती वही उघडतात. भावकीतील एखादे आजोबा वहीतील जुना आहेर फेडायलाच आलेले असतात. त्यांच्या हातात यादी दिली, तर त्यांना ती रकमेची मागणी वाटेल. ‘कृपया आहेर आणू नये’ हे वाक्यही मला पटत नाही, कारण ज्याला फेडायचे आहे त्याला ते फेडू न देणे हाही त्याचा अपमानच आहे. खण-नारळ, टॉवेल-टोपी, पाकीट हे जसे येईल तसे स्वीकारावे. ‘काय देऊ?’ असे जे आपणहून विचारतात, म्हणजे मित्रमंडळी, ऑफिसातील सहकारी, मामे-मावस भावंडे, त्यांच्यापुरतीच यादी ठेवावी आणि ती वधू-वरांनी नव्हे, तर एखाद्या भावंडाने सांगावी.

मिरजकर:
ताईंशी पूर्ण सहमत आहे, फक्त यादी लहान असावी एवढे सुचवतो. माझी पुतणी गाणे शिकते. तिच्या लग्नात आम्ही अकरा भावंडांनी वर्गणी काढून मिरजेच्या सितारमेकर गल्लीतून तिच्यासाठी तंबोरा घेतला. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हां मिरजकरांना फार आनंद आहे.) ही वस्तू तिला न विचारता घेताच आली नसती, कारण स्त्रियांच्या स्वराचा तंबोरा आकाराने लहान असतो आणि तारा गाणाऱ्याच्या पट्टीनुसार निवडाव्या लागतात. ती स्वतः आली, तीन-चार भोपळ्यांवर बोटांनी टकटक करून नाद ऐकला, आणि मगच एक ठरवला. ज्या घरात सर्व काही आहे, तिथेही अशी एखादी गोष्ट राहिलेली असतेच, जी एकट्याने घ्यायला महाग पडते आणि जिची निवड दुसऱ्यावर सोपवता येत नाही. यादीत तेवढेच असावे.

हिशेबनीस (सातारा):
मी करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते, म्हणून एक व्यावहारिक बाब मांडते. लग्नानिमित्त वधू-वरांना मिळालेली भेट, मग ती नातेवाइकांकडून असो वा मित्रांकडून, त्यांचे करपात्र उत्पन्न धरली जात नाही. मात्र ही सवलत ज्यांचे लग्न आहे त्यांच्यापुरतीच आहे. आई-वडिलांना किंवा भावाला नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून मिळालेल्या रकमा वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक झाल्या, तर त्या सर्व करपात्र ठरतात. त्यामुळे दादा, वर्गणी सोयीसाठी स्वतःच्या खात्यात गोळा करू नका. बहीण आणि जावई यांच्याच खात्यात येऊ द्या आणि कोणी किती दिले याची नोंद ठेवा. एका व्यक्तीकडून एका कार्यानिमित्त २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही, हेही घरातील मोठ्यांना आधीच सांगून ठेवा.

कृष्णाकाठ (सांगली):
सर्वांचा मनापासून आभारी आहे. वहीचा मुद्दा आईला वाचून दाखवला, तेव्हा तिने आपणहून कपाटातून आमची वही काढली आणि बहिणीला शेजारी बसवून कोणत्या घराचे काय देणे-घेणे आहे ते तासभर समजावून सांगितले. बहिणीच्या यादीत चौदा वस्तू होत्या, त्यांपैकी आता दोनच उरल्या आहेत: पुस्तकांसाठी एक सागवानी कपाट आणि गच्चीवर बांधायचा लाकडी झोपाळा. क्यूआर कोड रद्द झाला असून यादी आतेभावाकडे राहील. दोन्ही वस्तू सांगलीतच करून घेऊन पुण्याला न्यायच्या आहेत, तेव्हा सुटे भाग करून तिथे पुन्हा जोडता येईल असे सागवानी काम करणारे सुतार कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.