अनुभव धागा: 'डेर फोरलेझर' वाचलंत? कुणाला सुचवलंत?

जर्मन कादंबरी म्हणजे विटेएवढा ठोकळा, अशी माझी समजूत होती. बर्नहार्ड श्लिंकच्या या १९९५ च्या पुस्तकाने ती मोडली. दोनशेच्या आसपास पानं, छोटी छोटी प्रकरणं. तेव्हापासून भेटेल त्याला सुचवतोय, पण "कशाबद्दल आहे?" विचारलं की ततपप होतं. जास्त बोललो तर नायिकेचं, हॅनाचं, गुपित फुटतं. तुम्ही काय सांगता? लिहा.

*

पुण्यात जर्मन शिकताना वाचलं. पहिल्याच वाक्यात पंधरा वर्षांच्या नायकाला कावीळ! तो एक शब्द कोशात बघितला, बाकी आपसूक कळलं. खटल्याच्या भागात मात्र धाप लागली (लेखक कायद्याचा प्राध्यापक, दुसरं काय). इंग्रजीत नुसतं 'रीडर' झालंय. 'फोरलेझर' म्हणजे दुसऱ्याला वाचून दाखवणारा. चातुर्मासात पोथी वाचून दाखवतात ना, तसा.

*

भिशीतल्या मैत्रिणीला "सोपं आहे, दोन दिवसांत होईल" म्हणून दिलं. झालंही. मग फोन. "पंधराचा मुलगा आणि छत्तीसची बाई, आणि हे तू मला प्रेमकथा म्हणून दिलंस?" चूक माझीच. आता देतानाच सांगते.

*

मला राग आला, अजून आहे. छळछावणीची पहारेकरीण, पेटलेल्या चर्चचं दार न उघडणारी, आणि जीव तुटतो तो तिच्यासाठी? तरी सुचवतो, ते त्या कोर्टासाठी. १९६३-६५ च्या फ्रँकफर्ट खटल्यांच्या (आउशवित्झच्या नाझी छळछावणीत काम केलेल्यांवर चालले ते) काळात तिथली तरुण पोरं आईबापांकडे कुठल्या नजरेने बघत असतील, ते तिथे कळतं. हॅना न्यायाधीशालाच विचारते, तुम्ही काय केलं असतंत? त्याला धड उत्तर देता येत नाही.

*

(पुढे गुपित फुटतंय. वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

टपाल आलं की माझी आजी म्हणायची, "चष्मा सापडेना, वाच बरं." सुईत दोरा मात्र एका फटक्यात ओवायची. मिखाएलने, म्हणजे त्या नायकाने, पुस्तकं वाचून पाठवलेल्या कॅसेटी ऐकत हॅना तुरुंगात एकेक शब्द पुस्तकाशी ताडून वाचायला शिकते, तिथे मी पुस्तक मिटलं. "आजी, चष्मा डोक्यावरच आहे की!" म्हणून मी एकदा पाहुण्यांसमोर हसलो होतो. ती काही बोलली नाही. पत्र माझ्या हातात दिलं आणि आत गेली.