हॉलमधल्या कुंडीतलं लिंबू : पानं पिवळी, फळं गळतायत

मीनल_पुणे
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. गेल्या पावसाळ्यात नर्सरीतून कागदी लिंबाचं रोप आणलं, १२ इंची प्लास्टिकची कुंडी आहे. आमची बाल्कनी बिल्डरनेच आत घेतलेली त्यामुळे झाड हॉलमध्येच स्लायडिंगच्या काचेमागे असतं, पूर्वेची बाजू, सकाळी दहा-साडेदहापर्यंत ऊन आणि मग दिवसभर नुसता उजेड. जानेवारीत फुलं आली, हॉलभर वास, सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायच्या. मग मोहरीएवढी फळं धरली आणि भराभर गळली, आता दोनच उरलीत सुपारीएवढी. त्यात आता शेंड्याची पानं पिवळी पडायला लागलीत. नर्सरीवाला म्हणतो डीएपी खत टाका, सोसायटीतल्या काकू म्हणतात ताक घाला. पाणी रोज संध्याकाळी एक तांब्या घालते. फोटो टाकलाय बघा. घरात लिंबू होतं का मुळात की मी उगाच हट्ट करतेय?

श्रीगोंदेकर
ताई डीएपी अजिबात नको. फोटो मोठा करून बघितला, पिवळी पडलीत ती नवीन पानं आणि त्यांच्या शिरा हिरव्याच आहेत. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. नत्र कमी असतं तर आधी खालची जुनी पानं सरसकट पिवळी झाली असती, आणि मॅग्नेशियम असतं तर जुन्याच पानांवर देठाकडे हिरवा उलटा व्ही राहिला असता. आता लोह कमी म्हणजे मातीत लोह नाही असं नसतं बरं का, बहुतेक वेळा मुळांना ते घेता येत नाही. रोज तांब्याभर पाणी म्हणजे वरची माती कोरडी दिसली तरी खाली चिखल, मुळांना हवाच नाही. लिंबू पाण्यावाचून चार दिवस काढेल पण पाण्यात पाय घालून उभं नाही राहणार, आमच्याकडे निचरा न होणाऱ्या रानात डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होऊन अख्खी झाडं जातात. दुसरं म्हणजे तुम्हाला पाणी बोअरचं किंवा टँकरचं आहे का? त्यातल्या क्षारांनी माती अल्कधर्मी होते आणि असलेलं लोहही अडकून बसतं. वरून डीएपी टाकलं की त्यातला स्फुरद (फॉस्फरस) लोह आणखी अडकवणार.

बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि द्याल तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. ताटलीत साचलेलं ओतून टाका. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) मिळतं, त्यावर ईडीडीएचए लिहिलेलं असेल ते घ्या, अल्कधर्मी मातीत तेच चालतं, पुडीवर लिहिलंय तेवढंच टाका. पिवळं झालेलं पान परत पूर्ण हिरवं होईलच असं नाही, नवीन फूट कशी येते ते बघायचं.

फळगळीचं मनाला लावून घेऊ नका. रानातल्या मोठ्या झाडावरसुद्धा जेवढी फुलं लागतात त्यातली अगदी थोडी टिकतात, बाकीची झाड स्वतःच टाकून देतं. तुमच्या एवढ्याशा झाडाला दोन म्हणजे बक्कळ.

गॅलरीतली_बाग (ठाणे)
वर दादांनी सांगितलं ते पटलं, फक्त उजेडाचं कोणीच बोललं नाही अजून. लिंबाला सहाएक तास थेट ऊन लागतं, तुझ्याकडे अडीच-तीन तास मिळत असेल ते पण काचेतून. झाड जगेल, फुलेल पण, पण फळं पोसायला ताकद कुठून आणणार? ऊन असताना काच सरकवून ठेवायची आणि कुंडी अगदी रुळाला चिकटवून, हॉलच्या कोपऱ्यात शोभेला ठेवलंस तर संपलंच. आणि कमी उजेडातल्या झाडाला पाणीही कमीच लागतं, हे दोन्ही एकमेकांत अडकलेलं आहे.

किडीचं सांगते. आमच्या ग्रिलमधल्या लिंबावर अळ्या येतात, लहान असताना हुबेहूब पक्ष्याची शिट पडल्यासारखी दिसते म्हणून लक्षच जात नाही, मोठी झाली की हिरवीगार आणि काडीने डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि असला उग्र वास सोडते! लिंबावरच्या फुलपाखराची अळी ती. एका दिवसात कोवळी फांदी बोडकी. मी मारत नाही, शेजारी मुद्दाम कढीपत्ता लावलाय त्यावर नेऊन सोडते, तोही खाते ती. तुझ्याकडे काचेमागे फुलपाखरू कमी येईल पण पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडी येणार, कारण आत पाऊस लागत नाही आणि पानांवर धूळ बसते. आठवड्यातून एकदा सरळ बाथरूममध्ये नेऊन हँड शॉवरने पानं मागून-पुढून धुवायची, कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून, नाहीतर परत माती चिंब. अर्धं काम तिथेच होतं. खोडाला कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, त्यावर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारायचं, उन्हात नाही.

अण्णा_५५
काटेरी झाड घरात ठेवू नये असं म्हणतात. वास्तूला चांगलं नाही. माझं आपलं मत.

गॅलरीतली_बाग (ठाणे)
अण्णा मग गुलाबाचं काय करायचं 😄

जर्सीतला_माळी
इकडे न्यू जर्सीत आमच्याकडे मेयर लेमन आहे कुंडीत. फ्रँक मेयर म्हणून अमेरिकेच्या शेतीखात्याचा माणूस होता, त्याने १९०८ साली चीनमधून आणलेली जात, तिकडे ती मुळात कुंडीत शोभेसाठीच लावायचे, त्यामुळे घरात बरी रुळते. मे ते सप्टेंबर डेकवर आणि थंडी सुरू झाली की आत. आत आणलं की पानगळ ठरलेली. बरेच लोक घाबरून पाणी वाढवतात आणि मग झाड खरंच जातं. होतं काय की खिडकीत पानांना ऊन लागतं पण कुंडी थंडगार फरशीवर, मुळं १२-१३ डिग्रीच्या खाली गारठली की पाणी ओढतच नाहीत, वर पानं पाणी मागतायत, मग झाड पानंच टाकून देतं. कुंडीखाली लाकडी पाट ठेवला, वर एलईडी ग्रो लाइट टायमरवर १२ तास, एवढ्याने बराच फरक पडतो. हीटरच्या झोतापासून लांब मात्र. हिवाळ्यात आत फुलं आली तर मधमाशी नाही म्हणून मी मऊ ब्रशने या फुलावरून त्या फुलावर फिरवतो, एका झाडावर फळ धरतं, दुसरं झाड लागत नाही.

पण खरं सांगू का मीनल, पुण्यात राहून लिंबू घरात कशाला कोंडायचं? आमचा नाइलाज आहे. टेरेसवर ठेवू देत नाहीत का?

मीनल_पुणे
बापरे, किती सविस्तर! टेरेसला सोसायटीने कुलूप लावलंय, लीकेज झालं तेव्हापासून, विचारून दमले.

कुंडी आडवी करून बघितली तर भोकं चार आहेत पण नर्सरीची काळी चिकण माती खाली येऊन तीन पार बुजलीत. कुंडीच्या काठाला पांढरा थर आहे, टँकरच आहे आमच्याकडे फेब्रुवारीपासून. आता लगेच कुंडी बदलू का? आणि सासूबाई म्हणतात की त्यांनी सरबताच्या लिंबाची बी लावली असती तर एव्हाना मोठं झाड झालं असतं 🙄

श्रीगोंदेकर
सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. कागदी लिंबाची एका बीतून दोन-तीन रोपं येतात आणि बहुतेक आईसारखीच निघतात, आम्ही शेतकरी बीपासूनची रोपंच लावतो. पण फळाला चार-पाच वर्षं थांबायची तयारी हवी. घ्यायचंच झालं तर राहुरी कृषी विद्यापीठाची साई सरबती ही लिंबाची जात विचारा.

कुंडी आत्ता ऐन उन्हाळ्यात बदलू नका, झाड आधीच नाराज आहे. सध्या काडीने भोकं मोकळी करा आणि कुंडी दोन विटांवर चढवा. पहिला चांगला पाऊस झाला की १५-१६ इंची कुंडीत हलवा, तांबडी माती, शेणखत आणि जाड वाळू जवळपास सारखीच, शेणखत चांगलं कुजलेलं असावं. मुळांभोवतीचा काळा गोळा पाण्यात भिजवून हलकेच मोकळा करा, तसाच ठेवला तर पाणी बाजूने निघून जातं आणि गोळा आत एकतर चिखल नाहीतर दगड. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवलंत तर टँकरपेक्षा शंभरपट चांगलं. आणि ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, बहार (एकदम फुलं) धरायचं कोणी सांगेल, कुंडीतल्या झाडाला ते नको.

कुंडीवाली
मीनल, ऊन खरंच तेवढंच असेल तर जोडीला नर्सरीत चायना ऑरेंज म्हणून मिळतं ते घे. सुपारीपेक्षा जरा मोठी संत्री, आंबट ढाण, पण कुंडीत बारा महिने काही ना काही लटकलेलं असतं आणि कमी उन्हात कागदी लिंबापेक्षा बरं चालतं. साल गोड असते, आम्ही सालीसकट लोणचं घालतो, गूळ आणि तिखट.

मीनल_पुणे
बघते रविवारी. शेवटचा प्रश्न, ती उरलेली दोन फळं ठेवू की काढू? घरात यावरून दोन तट पडलेत.

श्रीगोंदेकर
झाड पिवळं असताना काढलेली बरी. अगदीच जीव होत नसेल तर एक ठेवा, सासूबाईंच्या नावाने.