३५ मिनिटांचा अख्खा अल्बम वाचनालयात ऐकवायचाय, अर्थ कधी सांगू?

जेलरोडची_ताई

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला आमच्या कॉलनीत एक छोटं वाचनालय आहे, संध्याकाळी ते मी उघडते. पुढच्या महिन्यात एका रविवारी तिथे अमेरिकेतले गायक मार्विन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा १९७१चा अल्बम सगळ्यांनी एकत्र बसून ऐकावा, असं मनात आहे. ९ गाणी, ३५ मिनिटं. येणार कोण, तर इथल्या सरकारी छापखान्यातून, म्हणजे प्रेसमधून रिटायर झालेले काका, शेजारच्या बायका, दहावी-बारावीची पोरं. बहुतेकांना गाण्यातलं इंग्रजी कळणार नाही. तर अर्थ आधी सांगू, प्रत्येक गाण्यानंतर थांबून सांगू, की सांगूच नको?

हा हट्ट कशासाठी, तेही सांगते. माझे वडील प्रेसमध्ये होते. शनिवारी रात्री टेपरेकॉर्डर ओट्यावर यायचा, वायर खिडकीतून आत. वामनदादा कर्डकांची गाणी लागायची, आणि दादा आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, हे बाबा दर वेळी नव्याने सांगायचे. टेपचं झाकण तुटलेलं होतं, कॅसेट अंगठ्याने दाबून बसवावी लागायची. एक बाजू संपली की बटण खट्कन वर यायचं. ती उलटी करेपर्यंत ओट्यावर कुणी बोलायचं नाही. समोरच्या मावशी तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, त्यांचा हात ताटात तसाच थांबलेला असायचा. ती शांतता मला परत हवी आहे. आता घरात तिघं तीन इअरफोन लावून बसतो.

हा अल्बम मला मुलाच्या फोनवर मिळाला. सुरुवातीला चार माणसं कट्ट्यावर भेटल्यासारखी एकमेकांना हाका मारतात, मग सॅक्सोफोन, मग तो आवाज. आवाज दोनदा ऐकू येतो, दोन्ही त्यांचेच. म्हणजे शाहीर तेच आणि झीलकरीही तेच. मागे अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या वादकांची व्हायोलिनं. मार्विन यांचा भाऊ फ्रँकी व्हिएतनामच्या युद्धातून परत आला होता. दुसऱ्या गाण्यातला परतलेला सैनिक विचारतो, इकडे काय चाललंय, काम का मिळत नाही. सहाव्यात समुद्रात सांडलेलं तेल आणि पारा भरलेले मासे आहेत. ते लागलं की मला पाणवेलींनी झाकलेली दसक-पंचकची गोदावरी दिसते.

अडचण अशी की पहिली सहा गाणी एकमेकांत गुंफलेली आहेत. मध्ये थांबले तर वीणच उसवते.

सिन्नरची_ढोलकी

ताई, मध्ये अजिबात बोलू नका. मी ४० वर्षं जलशात ढोलकी वाजवली. शाहीर गाण्याआधी दोन शब्द बोलतो, पण ढोलकीवर थाप पडली की निवेदन बंद. तुम्हीही आधी पाच मिनिटं बोला. ओळ न् ओळ समजावू नका, भावाची गोष्ट सांगा, माशांचं सांगा, बस. शब्द कळले नाहीत तरी माणूस विनवतोय की दमतोय, एवढं कानाला कळतं. कागद मात्र वाटू नका. कागद हातात आला की लोक वाचतात, ऐकत नाहीत.

सिडको_साउंड

छोटा ब्लूटूथ डबा आणू नका. हा अल्बम बेस गिटारवर उभा आहे, बऱ्याच गाण्यांत ती जेम्स जेमर्सन यांची आहे, आणि त्या डब्यातून बेस येणारच नाही. दोन मोठे स्पीकर घ्या, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे. फुकटच्या अ‍ॅपवर लावलं तर मध्येच जाहिरात येईल. फोनमधलं क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं, बंद करा, गाणी मुळातच जोडलेली आहेत. नव्या आवृत्त्यांत नवव्या गाण्यापुढे जादा रेकॉर्डिंग असतात, तेव्हा नववं संपलं की हाताने बंद करा. माझे स्पीकर रविवारी मोकळे असतात, मीच घेऊन येतो. पैसे नकोत.

पंचवटीकर

राग मानू नका, मनापासून विचारतो. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह झाला, त्या गावात डेट्रॉइटचं गाणं कशाला? पोरांना वामनदादा माहीत नाहीत, अण्णाभाऊ माहीत नाहीत. आधी ते ऐकवा.

जेलरोडची_ताई

दादा, राग कसला, तुमचं दुखणं तेच माझंही आहे. पण हे गाणं मला परकं वाटत नाही. 'फोर टॉप्स' या गायकांच्या चमूतल्या ओबी बेन्सन यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला पोलीस पोरांना मारताना पाहिले, त्यातून शीर्षकगीताची सुरुवात झाली. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला ते बाजारात आणायचंच नव्हतं. ते येईपर्यंत दुसरं काही गाणार नाही, असं मार्विन गे यांनी ठणकावलं. जानेवारी १९७१ला ते आलं आणि हातोहात खपलं, म्हणून मे महिन्यात अल्बम निघाला. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आपल्या माणसांचे कान तेव्हाही तिकडे होते.

आणि तो माणूस ओरडत नाही हो. कर, बेकारी, मारहाण, सगळं इतक्या मऊ चालीत मांडतो की ऐकणारा उठून जात नाही. वामनदादांचंही तसंच. चाल आधी ओठावर बसते, अर्थ मागाहून घरात शिरतो.

जेलरोडची_ताई

काल झालं. २२ जण आले. आधी पाच मिनिटं बोलले, कागद वाटले नाहीत. सहाव्या गाण्यानंतर, जिथे रेकॉर्डची पहिली बाजू संपते, तिथे मुद्दाम अर्धं मिनिट थांबवलं. कुणी बोललं नाही. बाहेर भाजीवाल्याची हाक आली, तेवढीच.

शेवटच्या गाण्याच्या अखेरीस पहिल्या गाण्याचे सूर परत येतात. एक काका मघापासून गुडघ्यावर ताल धरून होते. ते एकदम म्हणाले, "ध्रुवपद आलं!" त्यांना इंग्रजी येत नाही. नंतर एका मावशींनी विचारलं, "त्या भावाला काम लागलं का मग?" त्यावर पाऊण तास बोलणं चाललं, आणि निम्मं आपापल्या घरातल्या पोरांबद्दल होतं.

पंचवटीकर दादा, पुढच्या महिन्यात बाबांच्या कॅसेट लावायच्या आहेत. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आहे का कुणाकडे?

सिन्नरची_ढोलकी

माझ्याकडे आहे. पट्टा बदलून घेतो. ढोलकीही आणू का?