तास वाढवून काय होणार?
मुलांना कचरा वेगळा करायची सवय कशी लावायची, या प्रश्नावर इथे बऱ्याच जणांनी शाळेत पर्यावरणाचा तास वाढवा असं सुचवलंय. मला नाही पटत. तिसरी-चौथीच्या पोरांना ओला कचरा-सुका कचरा तोंडपाठ असतं, पेपरात विचारा, पैकीच्या पैकी मार्क. अडतं ते घरी. २०१६ च्या घनकचऱ्याच्या सरकारी नियमांनी कचरा वेगळा देणं बंधनकारक केलं खरं, पण ओट्याखाली बादली एकच असेल आणि मोठी माणसं सगळं तिच्यातच ढकलत असतील, तर पोरगं काय वेगळं करणार?

दुसरं म्हणजे, कचऱ्याचं पुढे काय होतं ते मुलांना दिसत नाही. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. आमच्याकडे येणाऱ्या ताई जिन्याखाली बसून पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या हाताने निवडतात. भाच्याने विचारलं, “मावशी, हे विकता का?” त्या म्हणाल्या, “विकते की! पण खरकटं लागलेला पुठ्ठा कोण घेतंय?” आता हा पठ्ठ्या पिझ्झाच्या खोक्याचं कोरडं झाकण फाडून वेगळं ठेवतो. तासाने हे झालं नसतं.

‘जास्तीत जास्त बाटल्या आणा’ छाप स्पर्धांबद्दल तर बोलायलाच नको. नंबर यावा म्हणून पालक नव्या बाटल्या विकत घेऊन रिकाम्या करतात! त्यापेक्षा रद्दी पोरांनाच बांधायला लावा, वजनकाट्यापाशी उभं करा आणि आलेले पैसे त्यांच्याच हातात द्या. आणि हो, जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून कच्ची वही अजून कोणाकडे होते का?